रत्नाचा मोकळा हात

माझ्या डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात पडद्याला इजा आहे. माझी बायको शैलजा म्हणते, तुम्हाला आधीही ऐकू येत नव्हतं. दोघांचंही खरं असावं. ही इजा रत्नाने केली. भोरच्या आमच्या संगणक केंद्रात, भर दुपारी, बारा विद्यार्थ्यांच्या देखत. आणि मारताना तिने मला सर म्हटलं.

"सर, तुमची मशीन खोटं बोलती," एवढंच ती म्हणाली. मग डाव्या हाताने चाचपत तिने माझा खांदा शोधला आणि उजव्या हाताने अशी ठेवून दिली की मी खुर्चीसकट मागच्या प्रिंटरवर जाऊन आदळलो. चष्मा टेबलाखाली गेला. रत्ना जागची हलली नाही. मी उठेन आणि मग पुढची देता येईल, अशा बेताने ती उभी होती.

तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, हे सांगायचं राहिलं. तिला बघणाऱ्याच्याही हे लवकर लक्षात येत नाही, कारण लक्ष तिच्या हातांकडे असतं.

रत्ना मारते, हे भोरपासून हिर्डोशीपर्यंत एसटीच्या सगळ्या कंडक्टरांना माहीत आहे. आधार देतो म्हणून कमरेला हात लावणाऱ्या एका म्हाताऱ्याचं नाक तिने चालत्या गाडीत फोडलं. बाजारात तिची काठी लपवून गंमत बघणारे दोघे होते. त्यातल्या एकाला तिने त्याच काठीने झोडपलं, आणि दुसरा सापडेना म्हणून पहिल्यालाच त्याच्याही वाटणीचे दिले. मला हे ऐकून हसू यायचं. स्वतःच्या कानाखाली बसल्यावर ते थांबलं.

तिचं सासर हिर्डोशीच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत. वीस-बावीस घरं, भात आणि नाचणी, आणि अर्धी वाडी एकमेकांची भावकी. नवरा मानसिंग हायवेला शिवऱ्याजवळ एका धाब्यावर भटारखान्यात असतो. महिन्यातून एकदा घरी येतो आणि भावकीसमोर तोंड उघडत नाही. त्याचा थोरला चुलतभाऊ गेनू. दोघांच्या शेताच्या मधोमध बांध, आणि बांधावर ऐनाचं एक जुनं झाड.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, पसरायच्या आणि पेटवायच्या. मला ती थप्पड बसली त्याच्या नऊ वर्षं आधी, फाल्गुनात, रत्ना त्या ऐनावर चढून फांद्या तोडत होती. गेनू खालून म्हणाला, झाड माझं आहे, उतर. ती म्हणाली, अर्धं माझं आहे, माझ्या अर्ध्यावर बसले आहे. त्याने पाय धरून खाली ओढलं. ती पाठीवर पडली, कोयता हातातून सुटला. गेनूने तो उचलला, उलटा केला आणि बोथट बाजूने तिच्या तोंडावर आडवा हाणला. एकदा नाही, तीनदा. धार लावली नाही, हे तो नंतर आपल्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून सगळ्यांना सांगत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या घावाच्या मध्ये रत्नाने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तिच्या दातांची खूण त्या मनगटावर अजून आहे. मी पाहिली आहे.

पुण्याच्या दवाखान्यात पोचायला दुसरा दिवस उजाडला. एक डोळा जागीच फुटला होता, दुसरा हातचा गेला. कागदावर कारण लिहिलं गेलं, झाडावरून पडली. तसं सांगणारा तिचा स्वतःचा नवरा होता.

मग वाडीतल्या चार शहाण्यांनी देवळात बैठक घेतली. घरातलं घरात मिटवायचं, पोलिसात जायचं नाही, असं ठरलं. बदल्यात गेनूने काय द्यायचं? त्यांनी असं ठरवलं: डोळे गेनूच्या घराने घेतले, तर डोळे गेनूच्या घरानेच द्यायचे. रत्ना जाईल तिथे त्या घरातलं एक माणूस तिच्यासोबत जाईल, जन्मभर. सगळ्यांना हा निवाडा फार न्यायाचा वाटला. ज्याने मारलं त्याच्याच घरातल्या माणसाचा दंड धरून आता तिने रोज चालायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आधी गेनूची बायको ठकुबाई सोबत करायची. ती वारली, दोन वर्षं रत्ना काठीवर एकटीच फिरली, आणि मग गेनूची सून आली, मंगल. बावीस वर्षांची, नववी शिकलेली, आवाज इतका बारीक की समोर बसून विचारावं लागे. नवरा टेम्पोवर, आठ-आठ दिवस बाहेर. मंगल त्या घरात आली ती रत्नाच्या सोबतीसकट आली.

रत्ना पुण्याला अंधांच्या एका संस्थेत तीन महिने राहून मोबाईल आणि संगणक शिकली. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर. तो ती इतक्या वेगाने लावते की मला नुसती भिंगरी फिरल्यासारखी वाटते. तालुक्यातल्या एका संस्थेत चौकशीच्या खिडकीवर दृष्टिहीनांसाठी एक जागा राखीव होती. त्यासाठी आमच्या केंद्राची कार्यालयीन परीक्षा पास व्हायची. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पंचवीसला पास, आणि जास्तीत जास्त तीन वेळा बसता येतं. ती जागा मिळाली की ती भोरला खोली घेणार होती. गेनूच्या अंगणावरून रोज जाणं थांबणार होतं.

तो पेपर मी बनवला होता. मी रघुवीर, गणितात एम.एस्सी., आणि त्या पेपरचा मला अभिमान होता. कोपऱ्यात घड्याळ पळायचं, उत्तर दिलं की पुढचा प्रश्न आपोआप यायचा, सोडलेले प्रश्न लाल दिसायचे. रत्नाने स्क्रीन रीडर लावून तो उघडला तेव्हा एक शब्द कळेना. मी म्हणालो, काळजी करू नका, नियमात लेखनिक चालतो. कुणीतरी वाचून दाखवेल, तुम्ही उत्तर सांगा, तो टिचकी मारेल. मंगल शेजारी उभीच होती, तिलाच लेखनिक केलं. माझं दोन दिवसांचं काम वाचलं, याचा मला आनंद झाला. लिहिताना आजही लाज वाटते.

पहिल्या वेळी अकरा गुण पडले. दुसऱ्या वेळी नऊ. आणि तो निकाल ऐकून तिने माझ्या कानाखाली मारली.

मी चष्मा शोधून उठलो तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं. म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही. थांबा, तुमचीच उत्तरं तुम्हाला ऐकवतो." आणि नोंद उघडून मोठ्याने वाचायला लागलो. पहिला प्रश्न, निवडलेला पर्याय तिसरा. दुसरा प्रश्न, पर्याय पहिला.

"पयल्याला म्या दुसरा म्हनले व्हते," रत्ना म्हणाली.

मी वाचत राहिलो. तिला दोन्ही पेपर तोंडपाठ होते. "चौथ्याला पयला म्हनले व्हते. सातव्याला चौथा." विसाव्या प्रश्नापर्यंत बाराही विद्यार्थी आमच्याभोवती जमले होते. तेव्हा कुठे माझ्या एम.एस्सी.च्या टाळक्यात उजेड पडला. प्रश्न न वाचता कुठेही टिचक्या मारल्या तरी पन्नासात सरासरी बारा येतात. पेपर तोंडपाठ असलेल्या बाईचे दोनदा त्याहून कमी पडायचे, तर तिने सांगितलेलं बरोबर उत्तर कुणीतरी मुद्दाम टाळावं लागतं.

मंगल भिंतीला टेकली होती. रत्नाने तिच्याकडे तोंड वळवलं. आता हिचे दात पडणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मी मध्ये पडायला पुढे झालो नाही. माझा कान गुणगुणत होता.

"कुनी सांगितलं?" रत्नाने विचारलं.

"मामंजींनी." सासऱ्यांनी. "म्हनले, ती भोरला गेली की पैली आपल्यावर केस करंल. पास हू द्यायची न्हाई. सगळीच चुकवायला मन हुईना काकी. म्हून काही ऱ्हाऊ दिली."

"आन तू न्हाई म्हनली असतीस तर?"

मंगलने भिंतीकडे तोंड फिरवलं. रत्ना पुढे गेली, तिच्या पाठीवर पदराआडून हात ठेवला आणि बोटं सावकाश खाली नेली. मध्येच थांबली, पुन्हा वर नेली. तिथे काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण मंगल प्रत्येक बोटाला दचकत होती. रत्नाने मोजल्यासारखं केलं आणि हात काढून घेतला.

"सर," ती मला म्हणाली, "तिसऱ्यांदा म्या एकली बसनार. कुनी वाचायचं न्हाई, कुनी टिचकी मारायची न्हाई. ती मशीन बोलती करा. न्हाईतर तुमचा दुसरा कान हाय अजून."

त्या संध्याकाळी मी पडदा बंद केला, स्क्रीन रीडर लावला आणि माझाच पेपर सोडवायला बसलो. पहिल्या प्रश्नावर आवाज म्हणाला, "चित्र." कारण अक्षरं बिघडतात म्हणून मी प्रश्नांचे फोटो चिकटवले होते. मग म्हणाला, "रेडिओ बटण, निवडलेले नाही." असं चार वेळा, पर्यायापुढच्या प्रत्येक गोलाला. कशाचं बटण, कुठला पर्याय, पत्ता नाही. मधूनमधून नव्हे, दर सेकंदाला घड्याळ बोलायचं: एकोणसाठ मिनिटं एकोणसाठ, एकोणसाठ मिनिटं अठ्ठावन्न. दुसरा पर्याय ऐकायला बाणाचं बटण दाबलं की तोच निवडला जायचा आणि पान पुढच्या प्रश्नावर पळायचं. दहाव्या मिनिटाला मी माउस भिंतीवर फेकला. त्याचे दोन तुकडे झाले. रत्नाने मला एकच मारली होती, हे त्या दिवशी मला कमी वाटलं.

पुढचे दोन महिने ती दर मंगळवारी एकटी यायची. मी दुरुस्त करायचो, ती सोडवायची, आणि अडलं की टेबलावर मूठ आपटायची. चार कीबोर्ड बदलावे लागले. फोटो काढून टाकून मी सगळे प्रश्न टाइप केले. प्रत्येक गोल बटणाला त्याच्या पर्यायाचे शब्द जोडले आणि चारांची मोट त्यांच्या प्रश्नाशी बांधली, म्हणजे आत शिरल्यावर आधी प्रश्न ऐकू येतो, मग पर्याय. पान आता ती सांगेल तेव्हाच पुढे जातं. घड्याळ गप्प केलं. विचारलं तरच बोलतं, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की एकदा सांगतं. सोडलेले प्रश्न नुसते लाल न दाखवता आकड्याने वाचून दाखवायला लावले. पाठवायच्या आधी सगळी निवडलेली उत्तरं परत ऐकता येतील, असं शेवटी एक पान ठेवलं. त्या पानावर रत्ना पहिल्यांदा पोचली तेव्हा तिने ते चार वेळा ऐकलं.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. मी हौसेने तीन-तीन बटणं एकदम दाबायचे शॉर्टकट ठेवले होते.

"ह्ये काढा," ती म्हणाली. "एका हातानं झालं पायजे."

"पण दोन हातांनी वेळ वाचेल, रत्नाताई."

"दुसरा हात मला लागतो."

"कशाला?"

"कुनी जवळ आलं तर."

मी कपाळावर हात मारला, पण काढले. टॅब, बाण आणि स्पेस एवढ्यावर सगळा पेपर बसवला. तिने ती बटणं डाव्या हाताच्या बोटांत पक्की केली. उजवा मांडीवर, मोकळा.

मंगल घरीच बसते आणि रत्ना एकटीच जाते, हे गेनूला कळायला वेळ लागला नाही. परीक्षेला दहा दिवस उरले असताना सकाळी फाट्यावर, एसटीची वाट बघताना त्याने तिला गाठलं. दोन-तीन माणसं होती, ती बाजूला झाली. गेनूने तिचा उजवा हात पिरगाळून मैलाच्या दगडावर दाबला. "ह्याच हातानं बटनं दाबतीस न्हवं?" म्हणाला, आणि कोयता उलटा करून मारला. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला, असं नंतर दूधवाल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलं. रत्नाने डोक्याने गेनूची हनुवटी फोडली, पण तो वजनाने भारी, त्याने पुन्हा, या वेळी तोंडावर मारला. मंगल त्याच्या मागोमाग पळत आली होती. तिने रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि सासऱ्याच्या पाठीत घातला. तो ओणवा झाला तेवढ्यात टेम्पोवाल्याने दोघींना वर ओढलं.

मला फोन आला तो दवाखान्यातून.

"सर, हात मोडला."

"कुठला?"

"मारायचा," रत्ना म्हणाली. "बटनांचा शाबूत हाय. तारीख बदलू नका."

दवाखान्यात कागदावर लिहायला कारण विचारलं, तेव्हा तिचा नवरा मानसिंग शिवऱ्याहून येऊन पोचला होता. तो म्हणाला, पडली. मंगल म्हणाली, "पडली न्हाई. माझ्या सासऱ्यानं मारलं, म्या बघितलंय. नऊ वर्सांमागं बी पडली नव्हती." हे तिने डॉक्टरांसमोर सांगितलं, पोलिसांसमोर सांगितलं, आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर बाकावर बसलेल्या मला उजव्या कानाने नीट ऐकू आलं. गेनूला अटक झाली. मंगल कामथडीला माहेरी गेली. सातव्या दिवशी गेनू जामिनावर सुटला.

परीक्षेच्या दिवशी रत्ना कोपरापर्यंत प्लास्टर घेऊन आली. चेहरा सुजलेला, खालचा ओठ शिवलेला. नियमाप्रमाणे तिला तासाला वीस मिनिटं जादा होती. मी दाराबाहेर उभा राहिलो. काचेतून दिसत होतं ते एवढंच: प्लास्टर मांडीवर, डावा हात कीबोर्डवर, बोटं जेमतेम हलताहेत. एकदाही टेबलावर मूठ आपटली नाही. वेळेआधी सोळा मिनिटं ती शेवटच्या पानावर पोचली आणि पन्नासही उत्तरं पहिल्यापासून ऐकायला बसली. मध्ये एका ठिकाणी मागे जाऊन तिने उत्तर बदललं. मग स्पेस दाबली.

पन्नासात एक्केचाळीस. मी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं, आणि मला रडू आलं, ते तिला दिसत नाही याचं बरं वाटलं. "नाक वढू नका सर," ती म्हणाली.

फाटकाबाहेर गेनू उभा होता. मंगलला त्याने कामथडीहून, तिच्या बापाला दम देऊन आणलं होतं. त्याच्या मुठीत तिचं मनगट होतं आणि तिचा एक गाल निळा पडला होता.

"झालं गेलं सोड," गेनू म्हणाला. "तक्रार मागं घे. मंगल पयल्यासारखी तुज्यासंगं ऱ्हाईल. बैठकीत ठरलंय तसं."

"कुठं हाय ती?" रत्ना म्हणाली.

"ही काय, हितं."

रत्ना आवाजाच्या दिशेने चार पावलं गेली. डावा हात पुढे करून तिने चाचपलं. खांदा सापडला. तो चाचपायचा प्रकार मी ओळखला. गेनूला सावध करायला मला एक क्षण मिळाला होता. मी तो घेतला नाही.

नऊ वर्षं ती त्याला शिव्या देतानाही भावजी म्हणायची. "गेन्या," ती म्हणाली, आणि प्लास्टरचा हात फिरवला. पहिला कानावर बसला, दुसरा नाकावर. तिसऱ्याला प्लास्टर तडकलं आणि गेनू धुळीत बसला. चौथा तिने नुसत्या मोडक्या हाताने मारला. त्या वेळी ती स्वतःही ओरडली. मग वॉचमन आणि केंद्रातली पोरं मध्ये पडली. गेनूच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. सुटलेलं मनगट चोळत मंगल तिथेच उभी होती. रत्नाने हवेत हात फिरवला, तो तिच्या डोक्याला लागला, आणि मंगलने मार खायच्या सवयीने डोळे मिटून मान खाली घातली. रत्नाने तिचा दंड धरला. "चल," म्हणाली.

त्याला दीड वर्ष झालं. रत्नावर मारहाणीचा गुन्हा आहे, गेनूवर दोन आहेत, तारखा चालू आहेत. तिचा उजवा हात वाकडा जुळला. पूर्ण सरळ होत नाही, म्हणून आता ती कोपराने मारते. चौकशीच्या खिडकीवर ती बसते, आणि तिथे रांग कुणी मोडत नाही. मंगल तिच्याच खोलीत राहते आणि यंदा त्याच परीक्षेला बसते आहे. सरावाला दोघी मंगळवारी येतात. मंगलला दिसतं, तरी ती स्क्रीन रीडर मोठ्याने लावते, रत्नाला ऐकू जावं म्हणून. मंगल चुकली की रत्नाचा कोपर आपोआप उचलला जातो. म्हणून मी अट घातली आहे, रत्नाने दोन्ही हात पाठीमागे धरून बसायचं.

गेल्या मंगळवारी मंगलने एक पर्याय निवडला आणि मशीनने तो वाचला. चुकीचा होता. रत्ना हात मागे धरून पुढे झुकली आणि तिचं तोंड उघडलं.

"सांगू नगा काकी," मंगल म्हणाली. "माजं मला चुकू द्या."